फी मागायला जीभ का अडते? स्वतःच्या वागण्यात डोकावायची सायकोडायनॅमिक पद्धत, घरच्या घरी

आधीच सांगून टाकते, मी थेरपिस्ट वगैरे नाही. बीएला सायकोलॉजी होतं त्याला पंचवीसेक वर्षं झाली आणि सध्या डोंबिवलीत घरीच पाचवी ते दहावीच्या ट्यूशन घेते. मध्ये दीड वर्ष दादरला एका मॅडमकडे थेरपीला जात होते, तिथे जे कळलं आणि कॉलेजात जे नुसतं पाठ केलं होतं ते एकमेकांना जाऊन भिडलं, म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात एका मेसेजपासून झाली. एका मुलाची तीन महिन्यांची फी थकली होती. त्याच्या आईला व्हॉट्सअ‍ॅप करायचा म्हणून चार दिवस घालवले, शेवटी रात्री अकरा वाजता टाइप केलं, 'कृपया फी जमा करावी', आणि गेलं काय तर 'कृपया फी क्षमा करावी'. तिने हात जोडलेला इमोजी पाठवला आणि विषय तिथेच संपला.

आता तुम्ही बोलाल कीबोर्डने बदललं असेल. असेल ना, पण पाठवायच्या आधी मी दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा मला ते 'जमा'च दिसलं. मनोविश्लेषण, म्हणजे पेशंटला बोलतं करून मनात दडलेलं शोधायची पद्धत, ज्याने सुरू केली त्या फ्रॉइडने असल्या चुकांवर १९०१ सालीच सविस्तर लिहून ठेवलंय, बोलताना घसरणारी जीभ, विसरलेली नावं, हरवलेल्या वस्तू असं सगळं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी बोलायच्या असतात, एक ठरवलेली आणि एक दाबलेली, आणि दाबलेली मध्येच डोकं काढते. प्रत्येक चुकीला असा अर्थ असतोच हे मला पटत नाही, माणूस दमलेलापण असतो. पण ज्या चुकीने आपल्याला हसू येण्याऐवजी घाम फुटतो, तिच्यात काहीतरी आहे असं समजायला हरकत नाही.

सायकोडायनॅमिक म्हणजे मराठी पुस्तकांत ज्याला मनोगतिकी दृष्टिकोन असं भारदस्त नाव आहे तो. आपलं वागणं हे आत चाललेल्या रस्सीखेचीतून येतं, त्यातली बरीचशी आपल्याला दिसत नाही, तिची सुरुवात लहानपणीच्या नात्यांमध्ये असते आणि मोठेपणी आपण तेच नाटक नवीन माणसांना घेऊन परत परत लावतो, एवढाच त्याचा गाभा. फ्रॉइडपासून सुरू झालं पण त्याच्यापाशी थांबलं नाही. युंग आणि आडलर हे त्याचे सुरुवातीचे साथीदार भांडून वेगळे झाले, मेलनी क्लाइन, विनिकॉट, बोल्बी, एरिक्सन या नंतरच्या मंडळींनी त्यात इतकी भर घातली की आज थेरपिस्ट जे करतात ते बघून फ्रॉइडलाच प्रश्न पडेल.

परीक्षेत हिमनगाचं चित्र काढून मार्क मिळायचे, जागं मन तेवढं पाण्यावर आणि बाकी सगळं खाली. मला मात्र फ्रॉइडने स्वतः दिलेलं एक उदाहरण जास्त पटतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हिएन्नात दिलेल्या व्याख्यानांत तो बोलला होता की अबोध मन म्हणजे एक मोठा हॉल, तिथे सगळ्या इच्छा-भावना धक्काबुक्की करत उभ्या, त्याला लागून एक छोटी बैठकीची खोली जिथे आपलं जागं मन बसलेलं, आणि मधल्या दारात एक वॉचमन. कोणाला आत सोडायचं, कोणाला हाकलायचं ते तो ठरवतो, आणि चुकून कोणी आत आलंच तर धरून बाहेर काढतो. आपल्या बिल्डिंगचा वॉचमन डोळ्यापुढे आणा, कोणाकडे, कशाला, रजिस्टरमध्ये नाव लिहा. फरक एवढाच की या वॉचमनला आपणच ठेवलंय आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नाही. पुढे जे काही सांगतेय ते सगळं या वॉचमनला चकवायचे प्रकार आहेत असं समजा.

तर करायचं काय. पहिलं म्हणजे एकच गोष्ट निवडा आणि ती छोटी निवडा. 'माझा स्वभाव असा का' हा प्रश्न कामाचा नाही, त्याला वॉचमन लगेच तयार उत्तर देतो. परत परत घडणारी, कारणापेक्षा जास्त त्रास देणारी एखादी घटना धरा. बॉस नुसतं 'बघू' बोलला की दिवसभर पोटात गोळा येतो, नवरा फोन उचलत नाही म्हटल्यावर पाच मिनिटांत थेट अपघातापर्यंत मजल जाते, कोणी कौतुक केलं की लगेच विषय बदलावासा वाटतो, असलं काहीतरी. माझं होतं फी मागणं. सात मुलांची फी बाकी आणि मी भाजी मार्केटमध्ये त्यांच्या आया दिसल्या की दुसऱ्या गल्लीत शिरायची. थकवलं त्यांनी आणि लपायची मी.

दुसरं, एक साधी वही घ्या आणि रोज नाही जमलं तरी आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं त्या एकाच गोष्टीवर लिहा. मोबाइलवर नको, तिथे खोडायची सोय फार. लिहायचं कसं, तर फ्रॉइडने १९१३ साली डॉक्टरांसाठी लिहिताना सांगितलंय की पेशंटला बोला, समजा तुम्ही ट्रेनमध्ये खिडकीत बसलायत आणि आतल्या माणसाला बाहेर काय काय जातंय ते सांगताय, तसं मनात येईल ते सांगा, गाळू नका. गंमत म्हणजे या माणसाला स्वतःला रेल्वेप्रवासाची भीती होती, स्टेशनवर कितीतरी आधी जाऊन बसायचा. आपल्याला हे वेगळं शिकवायला नको, लोकलच्या खिडकीत अर्धं आयुष्य गेलंय. सायन-कुर्ल्यामध्ये मिठी नदीचा वास आला तर वास आला असंच लिहायचं, छान छान तेवढं वेचायचं नाही. शुद्धलेखन नको, वाक्य पूर्ण नको, मूर्खपणाचं वाटलं तर आधी लिहा.

आणि मग लिहिलेलं लगेच वाचू नका. दोन दिवसांनी वाचा, आणि काय लिहिलंय यापेक्षा पेन कुठे थांबलं ते बघा. कुठे एकदम विषय बदलला, कुठे 'असो' आलं, कुठे 'मला तसं काही वाटत नाही' आलं. माझ्या वहीत एका पानावर होतं, 'मला पैशाचं काही नाही, लोकांना अडचणी असतात', आणि पुढच्याच ओळीत, काही संबंध नसताना, 'लिमलेटची गोळी'. मी त्यावर चक्क काट मारली होती. काट मारलेलं नीट बघा, वॉचमनची सही तिथेच असते.

आता संरक्षण यंत्रणा, म्हणजे नकोशी भावना आपल्याला दिसू नये म्हणून मन ज्या युक्त्या करतं त्या. ही यादी फ्रॉइडच्या मुलीने, आना फ्रॉइडने १९३६ साली नीट मांडली आणि तेव्हापासून गाइडमध्ये दहा मार्कांना येतेय. पाठ करू नका, आपल्या एकाच घटनेत कोणकोणत्या सापडतात ते शोधा, मला तर जवळजवळ अख्खी यादी सापडली. 'शिक्षणाचा बाजार करायचा नाही मला' हे मी जे सगळ्यांना अभिमानाने सांगायची ते युक्तीकरण, म्हणजे खरं कारण झाकायला दिलेलं चांगलं कारण, आणि ते इतकं चांगलं असतं की त्याच्याशी भांडताच येत नाही. 'त्या बायकाच मला टाळतात' हे प्रक्षेपण, म्हणजे आपलं दुसऱ्याच्या नावावर टाकणं, कारण गल्ली बदलणारी मी होते. ज्यांची फी थकली त्यांच्याशी मी जास्तच गोड बोलायची, मुलाला फुकट एक्स्ट्रा लेक्चर द्यायची, ही प्रतिक्रिया निर्मिती, आतल्या रागावर उलट्या रंगाचा हात मारलेला.

आणि शेवटची लिहायला मला अजून जड जातं. मी त्या मुलावर ओरडायची. अक्षर वाईट म्हणून, वही फाटकी म्हणून, पेन्सिल आणली नाही म्हणून. बाकीच्यांची अक्षरं काय मोत्यासारखी होती असं नाही. एक दिवस दुसऱ्याच एका मुलीने विचारलं, 'टीचर, तुम्ही त्यालाच का ओरडता?' आणि मी हिशोब केला तर ज्या तिघांवर माझा आवाज चढायचा त्या तिघांचीही फी बाकी होती. याला विस्थापन बोलतात, जिथे राग काढायचा तिथे काढता येत नाही म्हणून जो उलट बोलू शकत नाही त्याच्यावर काढायचा. व्याख्या मला विसाव्या वर्षापासून येत होती, तिचा काय उपयोग झाला ते बघा.

इदम्, अहम्, पराहम् (आतल्या इच्छा, व्यवहार सांभाळणारा मी आणि आतला धाक) हे त्रिकूट १९२३ सालचं आणि सगळ्यांना माहीत असतं, त्यात फार वेळ घालवत नाही. एकच युक्ती सांगते. आपल्याला आतून जो ओरडा पडतो, 'लाज नाही वाटत', 'लोक काय बोलतील' वगैरे, तो कोणाच्या आवाजात पडतो ते ऐका. खरोखर कान देऊन, शब्द कोणाचे, सूर कोणाचा. आईचा, मोठ्या काकांचा, चौथीच्या बाईंचा, कोणाचा तरी निघतोच. फीचा विचार आला की माझ्या आत जे वाक्य यायचं ते होतं 'असं तोंड वर करून मागू नये', आणि ते माझ्या आजीचं होतं, शब्दाला शब्द.

मग पुढचा प्रश्न, हे आधी कधी वाटलं होतं? कोणासमोर? इथे घाई करू नका आणि पहिलं उत्तर घेऊ नका. माझं पहिलं उत्तर तयारच होतं. बाबा गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार, त्यात आमचं लालबागचं घर. मी पहिलीत. बाबा घरी बसले आणि बोलायचेच बंद झाले, त्यांच्याकडे वहीला पैसे मागायची सोय नव्हती, म्हणून मला मागता येत नाही. किती व्यवस्थित आहे ना? मी मॅडमना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं झालं, सुटलं कोडं. त्या फक्त 'हं' बोलल्या. नंतर कळलं की जे उत्तर इतकं गुळगुळीत असतं आणि सांगताना आपल्याला काहीच होत नाही, ते बहुतेक वॉचमननेच पुढे केलेलं असतं. खोटं नसतं, पण अर्धं असतं.

खरं निघालं ते भलतीकडूनच. मी मॅडमची फी नेहमी पाकिटात घालून न्यायची, सेशन संपायच्या आत टेबलावर सरकवायची आणि निघताना 'तुम्हाला उशीर तर नाही ना झाला' असं विचारायची, दर वेळी. पाचेक महिन्यांनी त्या बोलल्या, 'पैसे देताना तुम्ही माझ्याकडे बघत नाही.' बस एवढंच. मला इतका राग आला की पुढचा आठवडा मी गेलेच नाही. आणि त्या आठवड्यात घरी कांदे चिरताना लिमलेटची गोळी आठवली. संपात घरात काही नसायचं तेव्हा आई मला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पाठवायची, मोठं माणूस गेलं तर तो अडवेल, पोरीला नाही अडवणार म्हणून. तो वाईट नव्हता हो. तांदूळ मोजायचा, उधारीच्या लाल वहीत लिहायचा, माझ्या हातावर एक गोळी ठेवायचा आणि बोलायचा, 'बाबांना सांग, मागचं तेवढं बघा.' आणि मी गोळी चघळत घरी यायची आणि निरोप कोणालाच द्यायची नाही.

म्हणजे मला मागायची भीती वाटते हे खरं नव्हतंच. मागायला लागले की मी वाणी होते, आणि समोर पिशवी घेऊन उभी असलेली पोरपण मीच. आणि त्या मुलावर मी का ओरडत होते ते त्या दिवशी कळलं, डोळ्यांतलं पाणी कांद्यांच्या नावावर खपून गेलं.

थेरपिस्टसमोर जुनंच नातं परत उभं राहतं त्याला ट्रान्सफरन्स बोलतात, फ्रॉइडला ते आधी अडचण वाटलं आणि मग लक्षात आलं की काम तर त्यातूनच होतं. घरी एकट्याने हे पूर्ण करता येत नाही, ते मान्य करून चला. पण एवढं करता येतं की ज्या माणसाशी आपण गरजेपेक्षा जास्त तापतो किंवा जास्त दबतो, त्याच्यासमोर मनातल्या मनात विचारायचं, मी आत्ता किती वर्षांची आहे? मला बहुतेक वेळा उत्तर येतं, सहा.

आता हे सगळं खरं कशावरून, हा प्रश्न तुम्हाला पडलाच पाहिजे. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचा आक्षेप हाच होता की कसंही वागलात तरी ही थिअरी त्याचा अर्थ लावून मोकळी होते, चूक ठरायची सोयच नाही. आणि फ्रॉइडचं बायकांविषयीचं बरंच लिखाण तर कॅरेन हॉर्नी या मनोविश्लेषक बाईंनी तेव्हाच खोडून काढलंय. शिवाय व्हिएन्नातल्या खात्यापित्या घरांवरून काढलेले निष्कर्ष चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीला, जिथे आजी-काका-आत्या सगळे एकत्र झोपतात, तसेच्या तसे कसे लागू होतील. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस, ज्यांनी १९२२ साली तिथे भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली, ते फ्रॉइडला पत्रातून आपलं वेगळं मत कळवतच होते. आपल्या मुंबईतही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एमिलियो सर्व्हादिओ नावाचे इटालियन मनोविश्लेषक राहत होते, इटलीतल्या ज्यूविरोधी कायद्यांमुळे देश सोडून आलेले. म्हणजे हे काही कालपरवा इन्स्टाग्रामवरून आलेलं फॅड नाही.

मी वापरते ती कसोटी साधी आहे. एखादा अर्थ लावल्यावर नवीन काही आठवतं का, वागण्यात तसूभर तरी फरक पडतो का, आणि तो अर्थ मला फार सोयीचा तर नाही ना? लावलेल्या अर्थाने मी बिचारी आणि बाकी सगळे खलनायक ठरत असतील तर मी तो पानासकट बाजूला ठेवते.

एक गोष्ट मात्र करू नका, हे दुसऱ्यावर वापरू नका. मी केलंय. नणंद काहीतरी बोलली आणि मी जेवणाच्या ताटावर तिला सांगितलं की 'ताई, हे तुमचं प्रोजेक्शन आहे' (तेच वरचं प्रक्षेपण), त्यानंतर गणपतीपर्यंत अबोला. फ्रॉइडनेच १९१० साली असल्या आगाऊ निदानांवर लिहिलंय, नुसती माहिती देऊन त्रास बरा करायला जाणं म्हणजे दुष्काळात मेनूकार्ड वाटण्यासारखं आहे. सासूबाईंचं बालपण, नवऱ्याचं आईशी नातं, बॉसचा अहंगंड, सगळं कितीही स्पष्ट दिसलं तरी तोंड बंद. वही तुमची आहे, त्यात तुम्हीच.

आणि काही गोष्टी वहीच्या नाहीतच. लहानपणी मारहाण, लैंगिक छळ असं काही असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर एकट्याने खोदकाम करायचं नाही, दरड अंगावर येते. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी फुकट नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. केईएम, नायर, सायन या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं, रांग मोठी असते पण डॉक्टर भेटतात.

खाजगी थेरपिस्ट शोधताना सरळ विचारा, तुमचं ट्रेनिंग कुठल्या पद्धतीचं, सायकोडायनॅमिक करता का, आणि क्लिनिकल सायकोलॉजिस्ट असं लिहिलं असेल तर आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं) रजिस्ट्रेशन आहे का. विचारण्यात उद्धटपणा नाही. आपल्याकडे कि. मो. फडक्यांमुळे मराठी वाचकांना विवेकनिष्ठ उपचार, म्हणजे चुकीचे विचार तपासून बदलायची आरईबीटी ही पद्धत जास्त ओळखीची आहे, तिचा जनक अल्बर्ट एलिस स्वतः आधी मनोविश्लेषकच होता, कंटाळून बाहेर पडला. परीक्षेची भीती, स्टेजची भीती असं नेमकं काही असेल तर ती पद्धत लवकर कामाला येते, उगाच बालपण उकरू नका. तेच तेच नातं दर वेळी त्याच खड्ड्यात जात असेल तर मात्र सायकोडायनॅमिकला वेळ देऊन बघा. वेळ लागतो. फ्रॉइड पेशंटना आठवड्यातून सहा दिवस बोलवायचा, आता बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा असतं. २०१० साली जोनाथन शेडलर या मानसशास्त्रज्ञाने आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन मांडलं की या थेरपीचा फायदा ती संपल्यावरही वाढत राहतो. आणि कोचावर झोपावं लागेल म्हणून घाबरू नका, बहुतेक जण आता समोरासमोर खुर्चीतच बसवतात. तो कोचपण काही फार गूढ प्रकार नव्हता, दिवसाचे आठ तास लोक टक लावून बघतात ते आपल्याला सहन होत नाही असं फ्रॉइडनेच लिहून ठेवलंय.

माझं म्हणाल तर आता दर महिन्याच्या पाच तारखेला सगळ्यांना एकच मेसेज जातो, 'जमा' असंच लिहिलेला, तिसऱ्यांदा वाचून. सातपैकी पाच जणींनी भरली. त्या मुलाच्या आईने अजून नाही, पण तिच्याशी मार्केटमध्ये उभं राहून बोलले, घरी काय चाललंय ते तिने सांगितलं, निम्मी फी ठरली. त्याच्या अक्षरावर मी सध्या काही बोलत नाही.

फक्त फीची वही लालबागला आईकडे राहिलीये. हिशोब करायला म्हणून घेऊन गेले होते आणि तिथेच विसरले, दोन महिने झाले. आणायला जायचंय, मागच्या रविवारी जाणारच होते, पण मेगाब्लॉक होता.